उशाशी बसणाऱ्यांचं दुःख

देवळाली प्रवरा, राहुरीकडच्या उसाच्या पट्ट्यात घरातलं कुणी कर्करोगाने अंथरुणाला खिळलं, की अख्खी भावकी भेटायला येते. विचारपूस होते ती रुग्णाची. त्याची कूस बदलणारी, औषधांच्या वेळा सांभाळणारी बायको किंवा सून चुलीपुढे चहा करत राहते.

तिचं दुःख मृत्यूची वाट पाहत थांबत नाही. डोळ्यांदेखत माणूस थोडाथोडा हातचा जात असतो. एरिक लिंडेमन या मानसोपचारतज्ज्ञाने 1944 मध्ये अशा आगाऊ शोकाबद्दल लिहून ठेवलं आहे. झोप उडते, चिडचिड वाढते. ‘आता सुटका होऊ दे यांची’ असं मनात येतं आणि पाठोपाठ अपराधी वाटतं. श्रोतेहो, जिवापाड माया करणाऱ्यांच्याही मनात हे येतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत उपशामक काळजी, म्हणजे गंभीर आजारातला त्रास हलका करणारी काळजी, रुग्णाइतकीच कुटुंबाचीही असते. मुंबईत 1986 मध्ये सुरू झालेलं शांती आवेदना सदन हे या कामातलं भारतातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांची काळजी घेणारं केंद्र.

माणूस गेल्यावर तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं, पोकळी जाणवते ती त्यानंतर. तेव्हा अवश्य जा. मन फारच खचलं असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. आणि रुग्ण असेपर्यंत भेटायला गेलात, तर तासभर त्याच्यापाशी तुम्ही बसा. त्या माउलीला झोपू द्या.