हौशी बिनतारी मंडळ आणि आम्ही



आम्ही खेड्यातली माणसे. शाळा बेताचीच, वाचायला शिकलो ते कामगार चळवळीत. पन्नाशीत परीक्षा देऊन हौशी बिनतारीचा सरकारी परवाना काढला. मंडळाने वर्गणीतून एक यंत्र घेतले. दोन झाडांमध्ये वीस मीटर तार ताणून मध्यावर यंत्राला जोडली, की चाळीस मीटरच्या लहरी आयनांबरावरून परततात आणि शेकडो कोसांवरचा आवाज आमच्या पडवीत उतरतो.

संपाच्या दिवसांत सोबती म्हणाले, "यंत्र आपलेच आहे, निरोप धाडा." आम्ही नाही म्हटले. या परवान्यावर धंद्याचा वा राजकारणाचा निरोप चालत नाही. सोबत्यांनी महिनाभर अबोला धरला. तो आम्हांला फार लागला.

पण १९९९ साली ओरिसात चक्रीवादळ आणि २००१ साली भूजला भूकंप झाला, तेव्हा तारा तुटल्यावर अशाच हौशी मंडळींनी निरोप पोहोचविले. हा निरोप कोणाच्या बाजूचा नसतो, म्हणूनच त्यावर भरवसा ठेवता येतो. संघटनेने बाजू घ्यावी. यंत्र मात्र सर्वांचेच राहावे. सोबत्यांना हे पटले. आज त्यांतले दोघे परीक्षेचा अभ्यास करीत आहेत.