हृदयरोग : उपचार, किंमत आणि राष्ट्रीय धोरण

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



भारतात होणाऱ्या एकूण मृत्यूंपैकी सुमारे एक चतुर्थांश मृत्यू हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होतात. एकेकाळी हा गादीवर बसून व्यवहार करणाऱ्यांचा रोग समजला जाई. आता तो हमालाच्या आणि शेतमजुराच्या घरातही शिरला आहे. त्यामुळे हा विषय केवळ दवाखान्याचा न राहता शासनाच्या धोरणाचा झाला आहे.

धोरणाने काय साधते व काय साधत नाही, हे स्टेंटच्या उदाहरणावरून उत्तम कळते. स्टेंट म्हणजे अरुंद झालेली रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी. दिल्लीतील वकील बिरेंद्र सांगवान यांनी तिच्या अवाच्या सवा किमतीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. जुलै 2016 मध्ये स्टेंटचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत झाला आणि फेब्रुवारी 2017 मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने साध्या स्टेंटची कमाल किंमत 7,260 रुपये, तर औषधलेपित स्टेंटची 29,600 रुपये ठरविली. तत्पूर्वी औषधलेपित स्टेंटसाठी रुग्णाला लाखाच्या वर रक्कम मोजावी लागत असे. सर्वांत मोठा नफा उत्पादकाचा नसून रुग्णालयाच्या पातळीवरचा होता, असेही त्या वेळी उघड झाले. कापडाच्या पेठेत असा नफा कोणी लावू पाहील तर दुपारपर्यंत गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेलेले असेल. परंतु शस्त्रक्रियेच्या टेबलावर पडलेला मनुष्य चार दुकाने फिरून भाव करू शकत नाही. जेथे गिऱ्हाइकाला घासाघीस करता येत नाही, तेथे शासनाने दर बांधून देणे न्याय्यच होय.

तथापि स्टेंट ही बिलातील एक ओळ आहे. फुगा, कॅथेटर, खोलीभाडे, शुल्क यांना तशी कमाल मर्यादा लागली नाही. बिलात स्टेंटची किंमत, उत्पादकाच्या नावासह, स्वतंत्र दाखविणे रुग्णालयावर बंधनकारक करण्यात आले आहे. ती ओळ नातेवाइकांनी अवश्य मागून घ्यावी. तसेच महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवण्याची योजना मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने 2006 पासून लागू आहे. गरजूंना याची माहिती क्वचितच असते.

किमतीइतकाच वेळेचाही प्रश्न आहे. झटका आल्यावर प्रत्येक मिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो, आणि तालुक्याच्या गावी अँजिओप्लास्टीची सोय नसते. तामिळनाडूत लहान रुग्णालये मोठ्या केंद्रांशी जोडण्याचा प्रयोग झाला. लहान ठिकाणी ईसीजी काढून गुठळी विरघळविणारे इंजेक्शन द्यावयाचे व नंतर रुग्णाला मोठ्या केंद्राकडे हलवावयाचे, अशी ही पद्धत. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षभरातील मृत्यूचे प्रमाण 17.6 टक्क्यांवरून 14.2 टक्क्यांवर आले. नवे भव्य रुग्णालय न बांधता हे घडले, हे विशेष.

झटका येऊच नये म्हणून रक्तदाब ताब्यात ठेवणे सर्वांत स्वस्त. त्यासाठी 2017 मध्ये पाच राज्यांत सुरू झालेल्या राष्ट्रीय उपक्रमात आपल्याकडील सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा व भंडारा हे जिल्हे होते. ठरावीक औषधे, महिन्याभराच्या गोळ्या एकदम आणि प्रत्येक रुग्णाची नोंद, एवढीच त्याची रीत. (पापड-लोणच्याचे मीठ मात्र घरोघरी गृहिणींनाच मोजावे लागेल!)

ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षांवरील प्रत्येक नागरिकास, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत वार्षिक 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळाले आहे. आजवर अशा योजनांच्या बाहेर राहिलेल्या मध्यमवर्गीय कुटुंबांतील ज्येष्ठांनी कार्ड काढून ठेवावे. एक मोठी उणीव मात्र उरते. या योजनेत रुग्णालयातून घरी गेल्यानंतरचा खर्च 15 दिवसांपुरताच धरला आहे. स्टेंट बसविल्यावर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या बहुधा वर्षभर घ्याव्या लागतात. पैशाअभावी त्या मध्येच बंद केल्यास स्टेंटमध्ये गुठळी होऊन पुन्हा झटका येण्याचा धोका असतो. शस्त्रक्रियेसाठी देणगी मागणारे संस्थांच्या दारी येतात. सहाव्या महिन्यातील गोळ्यांसाठी कोणी येत नाही. वर्षभराची औषधे योजनेतच समाविष्ट व्हावीत, ही मागणी शासनाकडे लेखी जावयास हवी. आणि ती मान्य होईपर्यंत वैद्यकीय निधीतून जनऔषधी केंद्राच्या दराने या गोळ्या देण्याचा विचार विश्वस्तांनी येत्या सभेत करावा.