मिनी ट्रॅक्टरचं ग्रीसिंग : कोणतं, कुठं, केव्हा

(रेडिओवरील भाषण)



ट्रॅक्टरसाठी ग्रीस आणायला गेलं की दुकानदार विचारतो, "लाल देऊ, निळं देऊ की काळं?" आणि आपण मागच्या खेपेला जो रंग नेला होता तोच मागतो. हा रंगाचा हिशेब आज आधी मोडून टाकू. लाल, निळा, हिरवा हा कंपनीने आपली ओळख म्हणून घातलेला रंग असतो. त्यावरून ग्रीसचा गुण कळत नाही. काळपट ग्रीसची गोष्ट थोडी वेगळी आहे, तिच्याकडे पुढे येतो.

बोलायचं आहे ते मिनी ट्रॅक्टरबद्दल, म्हणजे साधारण 18 ते 25 हॉर्सपॉवरच्या. उदाहरणाला नाशिककडची द्राक्षबाग घेऊ. मोठा ट्रॅक्टर नांगरटीच्या दिवसांत राबतो आणि मग शेडमध्ये उभा राहतो. बागेतल्या लहान ट्रॅक्टरचं तसं नाही. ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली की फवारण्या सुरू होतात आणि मग त्याला उसंत नसते. मागे ब्लोअर, पीटीओ सतत चालू, वरून औषधाचे तुषार, खाली ओली माती. रोजचं काम दोन-तीन तासांचंच, त्यामुळे त्याची मोजदाद कुणी ठेवत नाही. ग्रीसिंग राहून जातं ते इथेच.

आधी ग्रीस म्हणजे काय ते पाहू. ग्रीस म्हणजे घट्ट केलेलं तेल. वंगणाचं खरं काम तेलच करतं आणि डब्यात मोठा वाटाही त्याचाच असतो. ते जागेवर राहावं म्हणून त्यात लिथियम, कॅल्शियम अशा धातूंचा साबण मिसळतात. मेणाच्या पोळ्यात मध राहावा तसं या साबणात तेल धरलेलं राहतं आणि दाब आला की लागेल तेवढं सुटतं. शिवाय गंज रोखणारी, दाब सोसणारी थोडी रसायनं असतात.

साबण कोणता, यावर ग्रीसचा स्वभाव ठरतो. साधं कॅल्शियमचं ग्रीस पाण्याला चांगलं टिकतं, पण 100 अंश सेल्सिअसच्या आसपास ते वितळून गळू लागतं. लिथियमचं ग्रीस गळायला साधारण 180 अंशांच्या पुढे जावं लागतं, आणि पाण्यातही ते बऱ्यापैकी तग धरतं. म्हणून शेतीच्या बहुतेक यंत्रांना लिथियम ग्रीसच सांगितलेलं असतं. पाणी आणि गंज यांना आणखी चांगलं तोंड देणारं कॅल्शियम सल्फोनेट ग्रीसही मिळतं. ते महाग असतं. भातखाचरात चिखलणी करणाऱ्यांनी त्याचा जरूर विचार करावा. बागेतल्या कामाला चांगलं लिथियम ग्रीस पुरतं. फक्त डब्यावर 'ईपी' ही अक्षरं बघून घ्या. जास्त दाब सोसण्याची रसायनं त्यात आहेत, असा त्यांचा अर्थ.

आता नंबर. डब्यावर एनएलजीआय अशी चार अक्षरं आणि पुढे एक आकडा असतो. ही अमेरिकेतल्या नॅशनल लुब्रिकेटिंग ग्रीस इन्स्टिट्यूट या संस्थेची प्रतवारी. संस्था 1933 सालची, आणि तिची प्रतवारी आज जगभर चालते. तीन शून्यांपासून 6 पर्यंत एकूण नऊ प्रती आहेत. मोजायची रीत अशी : 25 अंशांवर ग्रीस भांड्यात 60 वेळा घुसळायचं, मग ठरावीक वजनाचा शंकू त्यावर सोडायचा आणि पाच सेकंदांत तो किती रुतला ते बघायचं. 26.5 ते 29.5 मिलिमीटर रुतला तर 2 नंबर, 22 ते 25 मिलिमीटर रुतला तर 3 नंबर. म्हणजे हा आकडा घट्टपणाचा आहे, दर्जाचा नाही. "3 नंबर भारी असतं" हा समज चुकीचा.

आपल्याकडे 'एपी-3' म्हणून जे ग्रीस वर्षानुवर्षं मागितलं जातं ते 3 नंबरचं. पुढच्या चाकाच्या हबमध्ये हाताने भरायला ते चांगलं. उन्हाळ्यात पातळ होऊन बाहेर येत नाही. पण हातगनने निपलमधून आत ढकलायचं असेल तर 2 नंबर सोपं जातं. थंडीत तर विशेषच. निफाडला पारा पाच-सहा अंशांवर उतरतो, तेव्हा 3 नंबर गनमधून सकाळी हलता हलत नाही. एकच डबा घ्यायचा असेल तर लिथियम, ईपी, 2 नंबर, हे लक्षात ठेवा. ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत वेगळं लिहिलं असेल तर मात्र पुस्तिकेचंच ऐका.

काळपट ग्रीसमध्ये बहुधा मॉलिब्डेनम डायसल्फाइडची पूड असते. दुकानात त्याला 'मॉली' म्हणतात. दाबाखाली तेलाचा थर फाटला तरी ही पूड धातूला धरून राहते. जे भाग सावकाश घासतात, सरकतात, दणके खातात, म्हणजे पिना, बुश, स्प्लाइन, त्यांना ते उत्तम. वेगाने फिरणाऱ्या बेअरिंगला त्याची गरज नाही.

एक सावधगिरी. लिथियमवर दुसऱ्या कंपनीचं लिथियम पडलं तर सहसा बिघडत नाही. पण लिथियमवर पॉलियुरिया किंवा बेंटोनाइट मातीचं ग्रीस पडलं तर पोत मोडू शकतो, तेल सुटतं आणि सगळं पातळ होऊन वाहून जातं. जात बदलायचीच असेल तर जुनं पूर्ण बाहेर येईपर्यंत नवीन भरा. हब असेल तर उघडून, डिझेलने धुऊन, कोरडा करून मगच भरा.

आता कुठं. सगळ्यात आधी पीटीओ शाफ्ट, कारण बागेत सगळ्यात जास्त मार तोच खातो. मिनिटाला 540 फेरे, म्हणजे तासाला 32,400. शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतो. क्रॉसच्या चार टोकांवर चार टोप्या आणि टोपीत सुईसारखे बारीक रोलर. आपल्याला वाटतं, शाफ्ट गरगर फिरतो म्हणजे हे रोलरही फिरत असतील. तसं होत नाही. शाफ्ट जितका तिरपा, तेवढ्याच अंशात ते त्याच जागी मागे-पुढे झुलतात. घासणाऱ्या रेषेवरचं ग्रीस त्यामुळे बाजूला ढकललं जातं आणि आपोआप परत येत नाही. मग धातूला धातू लागतो, तांबूस भुकटी होते आणि क्रॉसवर रोलरच्या मापाचे चर पडतात. मिस्त्रीने जुना क्रॉस काढून ठेवला की त्यावरून नख फिरवून बघा, चर नखाला लागतात.

यावर इलाज एकच, वेळेवर ताजं ग्रीस. गन हळूहळू दाबा. चारही टोप्यांच्या कडेने थोडं थोडं ग्रीस दिसायला हवं. आधी काळं-तांबूस येईल, मागून स्वच्छ येईल. तीन टोप्यांतून आलं आणि चौथीतून आलं नाही, तर ती कोरडी राहिली असं समजा. शाफ्टचा कोन बदलून पुन्हा दाबा.

याच शाफ्टच्या एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या बहुतेक जण विसरतात. ओळ संपली की ट्रॅक्टर वळतो, शाफ्ट तिरपा होतो आणि नळ्या आत-बाहेर सरकतात. त्या कोरड्या असल्या तर भाराखाली आवळून बसतात. मग सगळा रेटा एकीकडे ट्रॅक्टरच्या पीटीओ बेअरिंगवर आणि दुसरीकडे ब्लोअरच्या गिअरबॉक्सवर जातो. आपण गिअरबॉक्सला दोष देतो आणि नळी तशीच कोरडी राहते.

दुसरी जागा पुढच्या ॲक्सलची. मधली सेंटर पिन आणि दोन्ही बाजूंच्या किंगपिना. पुढचा सगळा भार यांच्यावर असतो. ट्रॅक्टर चाकांवर उभा असताना गन मारली तर ग्रीस सैल बाजूने निघून जातं. जी बाजू भाराने चिकटलेली आहे, म्हणजे जिथे झीज होते, तिथे ते पोचतच नाही. म्हणून सपाट जागी, मागच्या चाकांना दगड लावून, पुढचा भाग जॅकवर घ्या आणि खाली भक्कम ठोकळे द्या. चाकं जमिनीवरून सुटली की स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवत ग्रीस भरा. दर वेळी एवढा खटाटोप जमत नसेल तर निदान छाटणीच्या आधी एकदा तरी करा. तुमचा ट्रॅक्टर फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर पुढच्या ॲक्सलमधल्या गिअरना ग्रीस नव्हे, तेल लागतं. त्याची पातळी वेगळी तपासावी लागते.

उरलेल्या जागा पटकन सांगतो : टायरॉड एंडला निपल असेल तर तो, क्लच आणि ब्रेकच्या पेडलचा शाफ्ट, थ्री पॉइंट लिंकेजची लेव्हलिंग करणारी पेटी, आणि जोडलेल्या अवजाराची बेअरिंगं.

कुठं लावू नये, हेही तितकंच महत्त्वाचं. क्लच आणि ब्रेकच्या अस्तराजवळ ग्रीस जाऊ देऊ नका. पट्टे आणि रबरी होज यांना ते लावू नका. अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप यांची बेअरिंगं सहसा बंद असतात, त्यांना हात लावायचा नाही. बॅटरीच्या टर्मिनलला पेट्रोलियम जेली लावावी. टॉप लिंकच्या उघड्या आट्यांवर ग्रीस थापू नका. धूळ त्यात बसते आणि आटे घासले जातात. पातळ हात फिरवला की पुरे.

आणि एक उद्योग तर अजिबात करू नका. रोटाव्हेटरच्या किंवा ब्लोअरच्या गिअरबॉक्समधून तेल गळायला लागलं की काही जण तेलाऐवजी ग्रीसच भरून टाकतात. गळती थांबते, पण दात फिरायला लागले की ग्रीस कडेला फेकलं जातं आणि तेलासारखं वाहून परत दातांवर येत नाही. उष्णताही नीट बाहेर निघत नाही. गिअरबॉक्सला सांगितलेलं गिअर ऑइलच हवं. गळती असेल तर ऑइल सील बदला. सील स्वस्त असतं, गिअरचा जोड महाग पडतो.

आता केव्हा. पुस्तिकेत बहुतेक निपलांसाठी 50 तासांच्या आसपासचा अंतराल दिलेला असतो आणि धूळ, चिखल, पाणी असेल तर त्याहून लवकर करा असंही लिहिलेलं असतं. फवारणीच्या दिवसांत पीटीओच्या क्रॉसला आठ-दहा तासांच्या कामागे एकदा ग्रीस द्यावं. अंदाज नको, तासांचं मीटर बघा आणि आकडा खडूने शेडच्या भिंतीवर लिहून ठेवा. वेळ संध्याकाळची चांगली. काम संपल्यावर भाग गरम असतात. गार होताना ते हवा आत ओढतात, आणि हवेबरोबर ओलावाही. आत ग्रीस भरलेलं असेल तर ओलाव्याला जागा राहत नाही. ट्रॅक्टर धुतला असेल तर धुतल्यानंतर ग्रीस करा, आधी नव्हे.

किती द्यायचं? साध्या हातगनच्या एका दाबाला साधारण एक ग्रॅम ग्रीस जातं. पिना आणि बुश यांतून जुनं बाहेर येईपर्यंत दिलं तरी चालतं, उलट चांगलंच. सील असलेल्या बेअरिंगला मात्र दोन-तीन दाब पुरे. जास्त दिलं तर सील फुटतं. शिवाय भरगच्च भरलेलं बेअरिंग ग्रीस घुसळत तापत राहतं. हबचंही तसंच. बेअरिंग तळहातावर दाबून रोलरांमध्ये पूर्ण भरा, पण आजूबाजूची सगळी पोकळी ठासू नका.

आता शेडमधला तो ग्रीसचा डबा डोळ्यांसमोर आणा. झाकण कुठेतरी पडलेलं, आत काडी खोचलेली, वरच्या थरावर बारीक रेती चिकटलेली. कितीही महागडं ग्रीस असलं तरी अशा डब्यातून आपण बेअरिंगमध्ये रेती भरत असतो. डबा झाकून ठेवा. गन लावण्याआधी निपल फडक्याने पुसा. निपलच्या तोंडावरची माती पहिल्याच दाबाला आत जाते. निपल बंद पडला असेल तर तो बदला. त्याला लागणारा पैसा किरकोळ असतो.

शेवटी जिवाची काळजी. शाफ्टला हात लावण्याआधी पीटीओ बंद, इंजिन बंद आणि किल्ली खिशात. शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर तुटलं असेल तर नवीन बसवा. उपरणं, ओढणी, पदर ओढला जायला क्षणही लागत नाही. दुसरं म्हणजे ग्रीस गनचा दाब फार मोठा असतो. गळतंय का ते बोटाने चाचपू नका. ग्रीस कातडीखाली घुसलं तर वरून फक्त टोचल्यासारखा ठिपका दिसतो, कधी दुखतही नाही. तरीही ताबडतोब शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जा आणि गनमधून ग्रीस घुसलंय असं स्पष्ट सांगा. उशीर झाला तर बोट गमावण्याची वेळ येते.

मंडळी, महागडं ग्रीस सहा महिन्यांतून एकदा देण्यापेक्षा साधं चांगलं लिथियम ग्रीस वेळेवर, स्वच्छ निपलमधून दिलेलं कधीही श्रेष्ठ. या आठवड्यात एवढंच करा : पुस्तिका काढा, आपल्या ट्रॅक्टरला आणि ब्लोअरला मिळून निपल किती ते मोजा, आणि प्रत्येकाभोवती रंगाचा एक ठिपका लावा. मग ट्रॅक्टर कुणीही चालवला तरी एकही निपल सुटणार नाही.