डोंगरातला उंट आणि आपली गवळाऊ
(तळेगाव (श्यामजी पंत) येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



पत्रिकेत विषय छापला आहे ‘मेवाडी उंट : अंगकाठी आणि उत्पादन’. दारातच एकानं विचारलं, आपल्याकडे उंट कुठे? अहो, कच्छी रबाऱ्यांचे डेरे आपल्याच धुऱ्यांवरून जातात. उंटावर खाट, खाटेत कोकरं. मेंढ्या वावरात बसवायला आपणच त्यांना बोलावतो. २०२२च्या जानेवारीत ५८ उंट पोलिसांनी धरले, तेही तळेगावलाच. (मागून आवाज : ते दशासर! हशा.) हो, तळेगाव दशासर. उंट कत्तलीला चालले असा संशय होता, आणि रबारी म्हणत होते, वर्ध्याकडच्या आमच्या माणसांसाठी नेतोय. ते प्रकरण तुम्ही पेपरात वाचलं आहे, त्यात जात नाही.

तर मेवाडी. उंट म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर वाळू येते. हा उंट अरवलीचा. उदयपूर, राजसमंद, चित्तोडगड हा त्याचा मुलूख. जैसलमेरी उंट सडपातळ आणि पळणारा, बिकानेरी ओझ्याचा. मेवाडीचं मागलं अंग भरलेलं, पाय जाड, तळवे टणक, कारण त्याला दगडाची चढण चढायची असते. अंगावर राठ केस, त्यामुळे रानातल्या मधमाश्या आणि किडे सहज डसत नाहीत. दूध दिवसाला ४ ते ६ लिटर, आणि दुधाच्या बाबतीत त्याचं नाव चांगलं आहे. पण देशातले उंट २०१२च्या गणनेत ४ लाख होते, २०१९च्या गणनेत अडीच लाखांवर आले. चढणीवर चालणारं जनावर आपण वाळूतल्या जनावराच्या मापानं मोजलं, आणि दोघांनाही ट्रॅक्टरच्या मापानं. मला सांगायचं आहे ते एवढंच : जनावर जिथलं, माप तिथलंच लावावं.

आणि म्हणून मी आता आर्वी-आष्टी-कारंजाच्या रानात येतो. (एक श्रोता : आलेच गवळाऊवर! हशा.) येणारच. सातपुड्याच्या या पायथ्याला आपला मेवाडी म्हणजे गवळाऊ, ही आपली गाईबैलांची जात.

कारंज्याकडच्या एका गोठ्यात मागच्या महिन्यात दोन तास बसलो होतो. म्हाताऱ्या गवळीबुवांनी गाय दाव्यासकट उजेडात आणली. मला म्हणाले, आधी तोंड पाहा. लांब, अरुंद तोंड, बदामी डोळे, शिंगं आखूड आणि बोथट. मग त्यांनी मानेखालची पोळी दोन बोटांत धरून ताणली. कातडी सैल, मऊ, मांजरपाटासारखी. रंग पांढरा, गोऱ्हा वयात आला की मानेवर आणि वशिंडावर राखाडी झाक चढते. शेवटी खाली बसून त्यांनी गाईचा पाय उचलला आणि खुरावर नख वाजवलं. टक्‌ असा आवाज आला. ‘मुरमावर चालून असा होते,’ म्हणाले. मग वासरू सोडलं. त्यानं दोन ढुशा दिल्या, गाईनं पान्हा सोडला, आणि बुवांनी दोन सड वासराला ठेवून दोनच काढले. त्या तांब्यातलं दूध मोजून तुम्ही जातीची किंमत ठरवता, आणि वासरानं प्यालेलं धरतच नाही!

(एक श्रोता : पण लिटर किती, ते सांगा ना!) सांगतो. लपवायचं काही नाही. एका वेतात सरासरी ६०० लिटरच्या आसपास. संकरित गाईपुढे हा आकडा छोटा आहे, मान्य. पण हे अंग दुधासाठी घडलंच नाही. हलकं हाड, उंच पाय, चाल तुरतुरीत. मराठ्यांच्या फौजेचं सामान डोंगरवाटांनी झपाट्यानं नेणारे बैल म्हणून या जातीची ख्याती. कपाशीत डवरा धरा. भर उन्हात दुपारपर्यंत ही जोडी जीभ बाहेर काढत नाही. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, काय होतं, ते दशासरच्या लोकांना विचारा. २०१४ला शर्यतींवर बंदी आली तेव्हा गोऱ्ह्याचा भाव पडला आणि गोऱ्हा पडला की गाय पडते. २०२३च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींना परवानगी देणारा कायदा कायम ठेवला, तोवर कितीतरी आखरं ओकी झाली होती. त्यातच बोर अभयारण्य २०१४ला व्याघ्र प्रकल्प झालं. वाघ हवाच, पण डोंगरावरच्या गवळ्याची ढोरं कुठे चरायची, हेही त्याच कागदावर लिहायला हवं होतं. (टाळ्या.)

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरली. जमनालालजी बजाजांनी १९४१ साली वर्ध्यात गोसेवा संघ काढला, त्यावर अर्धा तास बोलायचं ठरवून आलो होतो, ते राहिलं. हेटीकुंडीच्या गवळाऊ पैदास केंद्राचंही राहिलं. एक मात्र राहू देणार नाही. बाहेर लिंबाखाली एक जोडी आणून बांधली आहे. चहा नंतर घ्या. अंधार पडायच्या आत आधी जाऊन त्यांचे खुर बघा, मुलांनाही हात लावू द्या. बैल गरीब आहेत.