कशात जीव लागत नाही

‘मला नैराश्य आलंय’ असं म्हणणारा माणूस आमच्या बीड जिल्ह्यात क्वचितच भेटतो. आमच्या घरात दखनीत म्हणतात, ‘दिल नै लगता’. शेजारी म्हणतात, ‘कशात जीव लागत नाही’. कुणी नुसतंच अंग जड झालंय म्हणतो. मी कवी, म्हणून सांगतो, हे शब्द नीट ऐका. झोप उडाली, भूक मेली, आवडीचं काम नकोसं झालं आणि हे दोन आठवडे टिकलं, तर तो आळस नव्हे, करणी नव्हे. तो आजार असू शकतो.

यात काम सुटतं म्हणून मन खचतं आणि मन खचतं म्हणून आणखी काम सुटतं. समुपदेशक हे चक्र तोडायला मदत करतो. आज पारापर्यंत जा, उद्या एकाशी बोला, अशी लहान कामं ठरवून देतो. गरज पडली तर डॉक्टर गोळ्या देतात. गुण यायला काही आठवडे लागतात, मधेच सोडू नयेत.

अंबाजोगाईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. पण ऊसतोडीला गेलेल्यानं काय करावं? २०२२ पासून टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. तो कोपीतूनही लावता येतो, मराठीत बोलता येतं.

आणि मरणाचे विचार येतात का, हे आपल्या माणसाला सरळ विचारा. विचारल्यानं ते विचार डोक्यात शिरत नाहीत. उलट त्याचं ओझं हलकं होतं. ‘हो’ म्हणाला, तर त्याला एकटं सोडू नका. सोबत जा.