बाई, उत्तर आणलंय



प्रत्येकाने 'सध्या काय करतोस' एवढंच सांगायचं ठरलंय. मी भोसरीत एका टूलरूममध्ये प्लॅस्टिकचे साचे बनवतो आणि घरी खेळण्यातले डायनासोर जमवतो. हसा, घरचेही हसतात. आजवर १३२ झाले.

सुरुवात आपल्याच वर्गातली. १९९४ साली 'जुरासिक पार्क' हिंदीत आला, तेव्हा आपण नववीत होतो. आकुर्डीच्या बाजारातून मी एक प्लॅस्टिकचा प्राणी आणला, पाठीवर शीड असलेला. विज्ञानाच्या तासाला तो बाकावर उभा केला आणि बाईंनी पाहिला. आता जप्त होणार, असं वाटलं. पण बाईंनी विचारलं, "हा कुठला डायनासोर?" मला सांगता येईना. बाई म्हणाल्या, "मलाही माहीत नाही. शोध आणि मला सांग."

मी शोधलं नाही. दहावी झाली, शाळा सुटली. पण "मलाही माहीत नाही" असं शिक्षकही म्हणू शकतात, हे मात्र डोक्यात राहिलं.

बाई, आज उत्तर आणलंय. त्याचं नाव डायमेट्रोडॉन, आणि तो डायनासोर नव्हताच. डायनासोर यायच्या सुमारे ४ कोटी वर्षं आधीच तो संपला होता. नात्याने तो पालीपेक्षा आपल्याला, म्हणजे सस्तन प्राण्यांना, जवळचा. दुकानात मात्र अजून डायनासोरांच्याच पाकिटात मिळतो.

त्यानंतर खेळणं तपासायची सवयच लागली. आधी उलटं करून पार्टिंग लाइन बघतो, बोटांमध्ये फ्लॅश राहिलाय का बघतो. तो धंद्याचा दोष. मग शरीर. टी-रेक्स शेपटी टेकवून कांगारूसारखा उभा असेल, तर तो जुन्या समजुतीचा. आता पाठ आडवी आणि शेपटी हवेत मानतात. हाताला बोटं दोनच हवीत. तळवे जमिनीकडे नकोत, टाळी वाजवताना असतात तसे समोरासमोर हवेत. व्हेलॉसिरॅप्टरच्या हाडावर पिसांच्या खुणा सापडल्याचं २००७ साली जाहीर झालं, तरी बाजारातला अजून टकलाच.

एकदा मुलीने विचारलं, "बाबा, यातला आपल्याकडचा कुठला?" १३२ मध्ये एकही नव्हता!

आपल्याकडे म्हणजे अगदी महाराष्ट्रात. चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगाव आहे. तिथल्या टेकडीत १९८४ ते ८६ दरम्यान कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या जैन आणि बंदोपाध्याय यांनी लांब मानेच्या एका शाकाहारी डायनासोरची हाडं काढली. मानेपासून कमरेपर्यंतचे मणके जवळजवळ ओळीने मिळाले. १९९७ मध्ये त्याचं वर्णन छापून आलं आणि २००३ मध्ये त्याला 'आयसीसॉरस' हे नवं नाव मिळालं. त्यातलं 'आयसी' म्हणजे त्या संस्थेची आद्याक्षरं, आय-एस-आय. डोकं आणि मागचे पाय मात्र सापडले नाहीत.

आकुर्डीत खणून असं काही मिळणार नाही. आपण दुर्गा टेकडीवर सहलीला जायचो, तिथला काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. पण तो वाहिला सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, डायनासोरांच्या अखेरच्या काळात. म्हणजे मधल्या सुट्टीत आपण त्यांच्या शेवटच्या पानावरच कबड्डी खेळत होतो.

दुकानात मिळाला नाही, म्हणून आयसीसॉरस मी घरी केला. आत तार, वर एम-सील. चार रविवार गेले. जे सापडलंय ते तपकिरी रंगवलं. डोकं आणि मागचे पाय अंदाजाने केलेत, म्हणून ते राखाडी ठेवलेत. मुलगी म्हणाली, "अर्धवट दिसतो." म्हटलं, आहेच अर्धवट.

तो आणि माझे ४० डायनासोर आज शाळेच्या प्रयोगशाळेला देतोय. निवडताना जीव तुटला, खोटं कशाला बोलू. चांगले दिलेत, चुकलेलेही मुद्दाम दिलेत. कशावर काय चुकलंय ते लिहिलेलं नाही. मुलांनी शोधावं आणि बाईंना सांगावं.

तीस वर्षं लावू नयेत, एवढीच विनंती.