आपले वाचनालय आणि पोटापाण्याचा प्रश्न
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटे दिली आहेत आणि विषय दिला आहे 'आठवणी'. आठवणी सांगायला माझ्यापेक्षा चांगले वक्ते पुढच्या रांगेत बसले आहेत आणि त्यांच्याकडे मालही जास्त आहे. म्हणून मी बाजारपेठेतल्या आपल्या वाचनालयाविषयी बोलतो. तेही कथा-कादंबऱ्यांविषयी नाही. नोकरी शोधणारी मुले आणि लहानसा धंदा करणारी माणसे तिथे काय विचारायला येतात, तेवढेच सांगणार आहे.

बँकेतून निवृत्त होऊन मी गावी आलो, त्याला चार वर्षे झाली. दर बुधवारी चार ते सहा मी वाचनालयात संदर्भ कपाटाशेजारच्या टेबलावर बसतो. पगार नाही, पद नाही, चहा मिळतो. 'तिथे बसून करतोस काय?' असे आज सकाळपासून सात-आठ जणांनी विचारले. त्यांना मिळून हे एकच उत्तर.

आपल्या कोकणाला वाचनालये नवी नाहीत. रत्नागिरीचे १८२८ पासून आहे, पुण्याच्या नगर वाचन मंदिराच्याही वीस वर्षे आधी. पुढे १९६७ मध्ये महाराष्ट्राने ग्रंथालयांचा कायदा केला. ग्रंथालयासाठी जनतेवर वेगळा कर बसवला नाही. संस्थांनी ग्रंथालये चालवावीत आणि सरकारने त्यांना अ, ब, क, ड असा वर्ग पाहून अनुदान द्यावे, अशी रीत ठरली. तिचे गुणदोष बाजूला ठेवू. एक गोष्ट मात्र त्यातून झाली: वाचनालय गावाचेच राहिले. गाव येऊन बसले तर ते चालते.

आता कपाटात काय आहे ते पाहू. पहिल्या फळीवर 'एम्प्लॉयमेंट न्यूज'चे अंक. केंद्र सरकारचे हे साप्ताहिक इंग्रजी, हिंदी आणि उर्दूत निघते, मराठीत नाही. त्यामुळे वर्षानुवर्षे ते गठ्ठ्याने येत होते आणि गठ्ठ्यानेच रद्दीत जात होते. आपल्या ग्रंथपाल बाईंनी एक साधी युक्ती केली. दर आठवड्याला दारातल्या फळ्यावर त्या खडूने चार रकाने लिहितात: पद, शिक्षण, वय, शेवटची तारीख. मराठीत. बस थांबली की कॉलेजची मुले फळ्यापुढे उभी राहतात. मला विचाराल तर आख्ख्या इमारतीत सर्वाधिक वाचले जाणारे साहित्य हेच.

मागच्या खोलीत अभ्यासिका आहे. पंचवीस खुर्च्या, आणि परीक्षेच्या दिवसांत एकही रिकामी नसते. राज्यसेवा, पोलीस भरती, तलाठी, बँक. पाठ्यपुस्तक मंडळाची पाचवी ते दहावीची जुनी पुस्तके तिथे झिजून गेली आहेत. आपले भूगोलाचे सर समोर बसले आहेत, त्यांना हे ऐकून बरे वाटेल. ही मुले जीव तोडून अभ्यास करतात. पण पंचवीसही जण एकाच दारावर धडका देत आहेत आणि त्या दारातून आत किती जाणार, हे त्यांनाही ठाऊक आहे. अठ्ठाविसाव्या वर्षी घरी काय सांगायचे, हा प्रश्न ती मोठ्याने विचारत नाहीत. म्हणून त्याच खोलीच्या भिंतीवर आम्ही आयटीआयचे अभ्यासक्रम, शिकाऊ उमेदवारीच्या जागा आणि राज्य सरकारच्या 'महास्वयम' संकेतस्थळावर नाव कसे नोंदवायचे याचा कागद लावला. सहा महिने त्याकडे कुणी ढुंकून पाहिले नाही. मग एकजण शिकाऊ उमेदवार म्हणून एका कारखान्यात लागला, आणि दुसऱ्या आठवड्यात त्या कागदाचे फोटो काढायला मुले येऊ लागली.

गेल्या पावसाळ्यात एक मुलगा नेमणुकीचे पत्र घेऊन आला. रेल्वेत निवड झाली, चाळीस हजार अनामत भरा, मग गणवेश मिळेल. पत्रावर अशोकस्तंभ, गोल शिक्का, सगळे झकास. आईने बांगड्या काढून ठेवल्या होत्या. मी त्याला उपदेश केला नाही. आम्ही दोघांनी अंकांचा गठ्ठा काढला आणि त्या पदाची जाहिरात शोधली. सापडली नाही. मग रेल्वे भरती मंडळाच्या अधिकृत संकेतस्थळावर तो जाहिरात क्रमांक टाकला. तोही नाही. परीक्षा कधी दिलीस, तर म्हणाला, परीक्षा नव्हतीच काका, थेट निवड आहे. एवढे स्वतःच्या तोंडून निघाल्यावर तो गप्प झाला. पत्राची घडी घालून म्हणाला, 'आईला तुम्हीच सांगाल काय?' सांगितले. बांगड्या वाचल्या.

आता धंद्याकडे वळतो, कारण माझा जीव तिकडे जास्त रमतो.

आपल्याकडच्या एक वहिनी दरवर्षी कोकमाचे आगळ, आमसुले आणि अमृत कोकम करतात. माल उत्तम. महामार्गावरच्या दोन दुकानांत जातो. त्यांना धंदा वाढवायचा होता आणि कुणीतरी त्यांना 'पंतप्रधानांच्या योजनेतून पस्तीस टक्के माफ' असे सांगून 'उद्यम नोंदणी'चे दीड हजार रुपये घेतले होते. उद्यम नोंदणी फुकट आहे. जुलै २०२० पासून सरकारी संकेतस्थळावर आधार क्रमांकावर ती होते, कागदपत्रे जोडावी लागत नाहीत. पण त्या संकेतस्थळासारखी दिसणारी खासगी संकेतस्थळे पैसे मागतात, आणि भरणाऱ्याला वाटते की सरकारच घेते आहे.

त्याहून महत्त्वाचा घोळ योजनेचा होता. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम नव्या उद्योगासाठी आहे. चालू धंद्याला नवा म्हणून त्यात बसता येत नाही. वहिनींचा धंदा तर आठ वर्षे चालू. त्यांच्यासाठी सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची दुसरी योजना होती. तिच्यात चालू उद्योगालाही यंत्रसामग्रीवर पस्तीस टक्के अनुदान मिळते, कमाल दहा लाख, आणि बचत गटातल्या बाईला खेळत्या भांडवलासाठी, बारीक अवजारांसाठी चाळीस हजारांपर्यंत मदत गटामार्फत मिळते. दोन्हीकडे आकडा पस्तीसच, म्हणून सांगणाऱ्याने एकाचे दुसऱ्याला जोडले. अर्ज चुकीच्या खिडकीत गेला असता, आठ महिन्यांनी नामंजूर होऊन आला असता, आणि वहिनी म्हणाल्या असत्या की बँकवाले गरिबाला देतच नाहीत. बँकवाल्यांविषयी हे मी बत्तीस वर्षे ऐकले आहे. निम्म्या वेळा ते खरेही असते.

मग आम्ही पुढे बसलो. अन्न सुरक्षा नोंदणी केली. लहान उत्पादकाला तेव्हा वर्षाला शंभर रुपये शुल्क होते. बाटलीवरची चिठ्ठी पाहिली. तिच्यावर देवीचा फोटो होता, मोबाइल नंबर होता, वजन नव्हते. निव्वळ प्रमाण, सर्व करांसह किंमत, बनवल्याचा महिना, बॅच क्रमांक, घटक, कधीपर्यंत वापरावे, उत्पादकाचा पत्ता, नोंदणी क्रमांक, शाकाहाराचे हिरवे चिन्ह, हे सगळे एका कागदावर मांडून त्या छापखान्यात गेल्या. देवीचा फोटो त्यांनी हट्टाने ठेवला. छान दिसतो.

आणि एक गोष्ट, जी या भागात प्रत्येकाला सांगावी लागते. गोव्याची सीमा आपल्याला हाकेच्या अंतरावर वाटते, बाजाराला आपण तिकडे सहज जातो. पण करपात्र माल विकायला तिकडे नेला की ती आंतरराज्य विक्री. आपल्या राज्यात मालाची विक्री वर्षाला चाळीस लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही, मात्र दुसऱ्या राज्यात अमृत कोकमाच्या शंभर बाटल्या पाठवायच्या तरी ती लागते. पणजीच्या एका दुकानाची मागणी वहिनींनी त्यामुळे वर्षभर थांबवली. मला वाईट वाटले, पण निर्णय त्यांचा होता आणि तो त्यांनी समजून घेतला.

काजूवाल्यांची गोष्ट वेगळी. एक तरुण जोडपे नवे प्रक्रिया युनिट टाकू पाहत होते, आठ लाखांचे. आम्ही कागदावर हिशेब मांडला. अर्ज बायकोच्या नावे, जागा ग्रामीण, म्हणजे स्वतःचे पाच टक्के: चाळीस हजार. बँकेचे सात लाख साठ हजार. अनुदान पस्तीस टक्के, दोन लाख ऐंशी हजार. पण ते हातात पडत नाही, तीन वर्षे बँकेत त्यांच्या नावे अडकून राहते आणि युनिट नीट चालले तर कर्जात वळते होते. हे ऐकल्यावर नवऱ्याचा चेहरा उतरला. अनुदानातून जुनी देणी फेडायचा त्याचा बेत असावा. बायको मात्र सरसावून बसली.

त्यांनी कुठूनसा विकत आणलेला प्रकल्प अहवाल सुबक होता. त्यात यंत्रे होती, शेड होती, नफ्याचे आलेख होते. काजू बी कधी घेणार, हे कुठे नव्हते. बी मार्च ते मे मध्ये येते. वर्षभर कारखाना चालवायचा तर तीन महिन्यांत वर्षाचा माल भरून ठेवावा लागतो, आणि त्याला लागणारा पैसा कधी कधी यंत्रांपेक्षा जास्त. शाखा व्यवस्थापक पहिला प्रश्न हाच विचारणार. मी त्या खुर्चीत होतो तेव्हा हाच विचारत असे. दोघांनी चार बुधवार येऊन अहवाल नव्याने लिहिला, स्वतःच्या हाताने, मराठीत. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या पुस्तिका कपाटात होत्या, त्या कामी आल्या.

खालच्या फळीवर एक जाडजूड, कंटाळवाण्या मुखपृष्ठाचे पुस्तक असते: 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन'. सरकारचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय काढते. त्यात आपल्या तालुक्याची लोकसंख्या, पिके, जनावरे, बँकांच्या शाखा असे कोष्टकांत दिलेले असते. पशुखाद्याचे दुकान टाकू म्हणणाऱ्या एकाला मी ते पुढ्यात ठेवले. त्याने तालुक्यातल्या गायी-म्हशी मोजल्या, आधीची दुकाने मोजली, आणि दुकान शेजारच्या तालुक्यात टाकले. चालले आहे.

तुमच्या लक्षात आले असेल की यातली बहुतेक माहिती मोबाइलवरही सापडते. सापडतेच. पण तिथे तिच्या शेजारीच दीड हजार मागणारा बसलेला असतो, आणि कुठली माहिती कोणाची हे कळायला शेजारी कुणीतरी आपले लागते. योजना बदलतात, मर्यादा वाढतात, मुदती संपतात. पंतप्रधान रोजगार कार्यक्रमाचीच कमाल मर्यादा २०२२ मध्ये उत्पादन उद्योगाला पंचवीस लाखांवरून पन्नास लाख झाली, आणि जुनी पत्रके अजून फिरत आहेत. म्हणून आमच्या फायलीत प्रत्येक कागदावर तो कोणत्या दिवशी पडताळला, ती तारीख लिहिलेली असते. सहा महिने झाले की पुन्हा पडताळायचा. हे काम ग्रंथपाल बाई एकट्या करू शकत नाहीत. त्यांना पुस्तके द्यायची-घ्यायची, अनुदानाचे कागद करायचे आणि झाडूही मारायचा असतो. त्यांचे मानधन किती, हे या व्यासपीठावरून सांगायला मला लाज वाटेल.

काल रात्री जेवताना ठरले की वर्गणीतून उरलेल्या पैशांत वाचनालयाला काचेचे कपाट आणि वर आपल्या तुकडीचे नाव द्यायचे. कपाटाला माझा विरोध नाही. पण कपाटे आमच्याकडे पुरेशी आहेत, त्यांतले एक तर कुलपाची किल्ली हरवल्यामुळे तीन वर्षे बंद आहे. मला माणसे हवी आहेत. या सभागृहात आयकर खात्यातून निवृत्त झालेला एक आहे. जीएसटीची कामे करणारा आहे. रेल्वेत चौतीस वर्षे काढलेले दोघे आहेत, आणि ते पत्र त्यांनी एका नजरेत ओळखले असते. परिचारिका म्हणून आखातात जाऊन आलेली आपली मैत्रीण आहे. परदेशी जाऊ बघणाऱ्या मुलींना एजंटचा करार वाचून दाखवणारे या तालुक्यात दुसरे कुणी नाही. आयटीआयचे निदेशक आहेत. आणि इंग्रजीच्या बाई, तुम्ही आमच्याकडून अर्ज लिहून घ्यायचात, तसे अजून कुणी लिहून घेत नाही. मुले मोबाइलवरून उतरवतात आणि 'रिस्पेक्टेड सर' नंतर कुठल्यातरी दुसऱ्याच कंपनीचे नाव तसेच राहून जाते.

मुंबईकर चाकरमान्यांनी 'आम्ही कुठे इथे असतो' म्हणू नये. गणपतीला आणि मे महिन्यात येताच. एरवी फोन चालतो. बुधवारी टेबलावर फोन ठेवून स्पीकर लावायचा, मुलगा विचारील, तुम्ही सांगा. पैसे कुणाकडून घ्यायचे नाहीत, आणि कुणाच्या अर्जावर आपण सही करायची नाही. फॉर्म ज्याचा त्याने भरायचा, आपण शेजारी बसायचे. दोनच नियम आहेत.

जेवणाच्या मंडपाशी एक वही ठेवली आहे. नाव, फोन, आयुष्यात कोणते काम केले आणि महिन्यातून किती तास, एवढेच लिहा. बुधवार माझा आहे. शनिवारचे चार ते सहा रिकामे आहेत, आणि शनिवारी आठवडा बाजार असल्यामुळे माणसे त्याच दिवशी जास्त येतात.